फूड बँकेत विचारायचा प्रश्न: ब्रिटनमधल्या ट्रसेल केंद्रांचं परीक्षण

ब्रिटनमधली एखादी फूड बँक, म्हणजे अडचणीतल्या घरांना फुकट शिधा देणारं केंद्र, चांगली चालते का हे ओळखायचं असेल, तर तिथे एक प्रश्न विचारला जातो का ते बघावं: ‘घरी शिजवायची सोय काय आहे?’ घरात गॅस असलेलं कुटुंब, प्रीपेमेंट मीटरमधले (आधी पैसे भरून वीज-गॅस घ्यायच्या मीटरमधले) पैसे संपलेलं कुटुंब आणि काउन्सिलने (स्थानिक पालिकेने) हॉटेलच्या एका खोलीत ठेवलेली आई नि तिची दोन मुलं, या तिघांना एकच पिशवी देऊन चालत नाही. हॉटेलच्या खोलीत फक्त केटल असते. तिथे कोरडे राजमे गेले तर ते तसेच पडून राहतात. ट्रसेल या धर्मादाय संस्थेच्या जाळ्यातली बरीच केंद्रं हा प्रश्न नेमाने विचारतात, म्हणून त्यांच्या सेवेविषयी आमचं मत चांगलं आहे. तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच.

ट्रसेल ट्रस्ट 1997 मध्ये कॅरल आणि पॅडी हेंडरसन या जोडप्याने सुरू केला, तो बल्गेरियातल्या मुलांसाठी. पहिली फूड बँक 2000 साली सॉल्सबरीत त्यांच्याच घरच्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये उभी राहिली. आता नाव नुसतं ‘ट्रसेल’ आहे आणि देशभर चौदाशेच्या आसपास वाटपकेंद्रं आहेत. त्यातली बहुतेक चर्चच्या किंवा वस्तीच्या हॉलमध्ये, आठवड्यातले ठरावीक तास चालतात. 2023-24 या वर्षात या जाळ्यातून 31 लाखांहून अधिक आपत्कालीन शिधापिशव्या दिल्या गेल्या. युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी भत्त्याचा) अर्ज केल्यावर पहिले पैसे हातात पडायला पाच आठवडे लागतात. त्या पाच आठवड्यांत घर कसं चालतं, याचा विचार केला की या आकड्याचं कारण कळू लागतं.

थेट दारात जाऊन शिधा मिळत नाही. आधी रेफरल, म्हणजे शिफारस, लागतं: डॉक्टरांकडून, मुलांच्या शाळेकडून, सोशल वर्करकडून किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेकडून. पूर्वी लाल कागदी व्हाउचर असायचं, आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन कोड येतो. या पद्धतीवर टीका होते आणि ती रास्त आहे. ज्याचं कुणाशीच बोलणं नाही, असा माणूस नेमका बाहेर राहतो. पण रेफरलमुळे एक गोष्ट साधते. कर्ज, घरभाडं, अडलेला भत्ता यांवर काम करणारा कुणीतरी त्या घराला जोडला जातो. ज्यांना रेफरल मिळवणं जड जातं, त्यांनी आपल्या भागातली स्वतंत्र फूड बँक शोधावी. अशा हजाराहून जास्त आहेत आणि त्यांतल्या कित्येकींचे नियम सैल आहेत. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात तर कुणी काही विचारतच नाही.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असं लिहिलेलं असतं, म्हणून बरीच मराठी मुलं फूड बँकेकडे फिरकतही नाहीत. फूड बँकेची मदत ही धर्मादाय मदत आहे. ती पब्लिक फंड्समध्ये मोजली जात नाही आणि व्हिसाला तिने काही होत नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्राकडून रेफरल मिळू शकतं. उपाशी राहून सबमिशन करण्यात काही शहाणपण नाही.

केंद्रात गेल्यावर आधी चहा येतो, मग एक स्वयंसेवक शेजारी बसून विचारतो: घरात किती माणसं, बाळ आहे का, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, मांसाहार चालतो का, हलाल हवं का. मग शिजवण्याच्या सोयीचा प्रश्न. शाकाहारी असाल तर इथेच स्पष्ट सांगा. अंडं आणि मासे चालतात की नाही हेही सांगा, कारण मासे खाणारे काही जण इथे स्वतःला शाकाहारी म्हणवतात. उत्तरं ऐकून मागच्या खोलीत पिशव्या भरल्या जातात. निदान तीन दिवस पुरेल इतका शिधा असतो: सीरियल, सूप, पास्ता किंवा तांदूळ, टोमॅटोचे डबे, बीन्स, डबाबंद भाजी, मांस किंवा मासे, फळांचा डबा, बिस्किटं, चहा, लांब टिकणारं दूध, ज्यूस. फक्त केटल असेल तर वेगळी ‘केटल पिशवी’ मिळते. तिच्यात कपातलं सूप, नूडल्स, गरम पाणी ओतून होणारं ओट्सचं पॉरिज आणि बटाट्याची पूड असते. मीटर बंद पडला असेल तर काही केंद्रं इंधनाचं व्हाउचरही देतात. आमच्या मते पिशवीइतकंच त्याचं मोल आहे.

खरं कष्टाचं काम गोदामात चालतं. साध्या छोल्यांच्या डब्याचंच बघा. दान आलेला माल आधी काट्यावर जातो आणि किलोची नोंद होते. मग डबा हातात घेऊन तळाशी किंवा काठावर छापलेली तारीख शोधायची. ती बारीक आणि पुसट असते, चष्मा लागतो. सापडली की काळ्या मार्करने महिना आणि वर्ष ठळक लिहायचं, म्हणजे पुढच्या माणसाला शोधाशोध नको. डब्याला पोचा असेल तर तो कुठे आहे ते बघायचं. मधल्या पत्र्यावरचा उथळ पोचा चालतो. काठावर किंवा जोडावर असेल, डबा फुगला असेल किंवा गंजला असेल, तर सरळ बाद. मग त्या जिनसाच्या आणि त्या तारखेच्या क्रेटमध्ये. जवळची तारीख पुढे, लांबची मागे. हा क्रम एकदा चुकला की सहा महिन्यांनी मागच्या फळीवर मुदत संपलेले पन्नास डबे सापडतात. चारशे ग्रॅमचे चोवीस डबे भरलेला क्रेट अकरा किलोच्या आसपास जातो. म्हणून क्रेट काठोकाठ भरू नये आणि जड क्रेट वरच्या फळीवर ठेवू नये. पाठदुखीने काम सोडणारे स्वयंसेवक बहुधा इथेच जायबंदी झालेले असतात.

तारखांचे दोन प्रकार असतात आणि घोटाळा तिथेच होतो. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची तारीख, ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची. यूज बाय उलटलेला जिन्नस फुकटसुद्धा देता येत नाही. दान देताना दोन्ही तारखा पुढे असलेलंच द्यावं. कपाट आवरताना निघालेला दोन वर्षांपूर्वीचा मसाला देऊ नये. तो टाकून देण्याचं काम तेवढं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं.

आता आपल्या मराठी घरांतून काय जातं ते. मन मोठं असतं, म्हणून पहिली उडी दहा किलो आट्याच्या पोत्यावर आणि तूरडाळीवर. मोठं पोतं फोडून वाटता येत नाही, कारण सुट्या पिशवीवर घटकांची यादी आणि अ‍ॅलर्जीची माहिती नसते. एक-दीड किलोची बंद पिशवी द्या. डाळ आपल्याला सोपी वाटते कारण आपल्याकडे कुकर असतो. पातेल्यात तूरडाळ मऊ व्हायला तास लागतो आणि मीटर तेवढा वेळ पळत राहतो. मसूर त्या मानाने लवकर शिजते. त्याहून बरे शिजवलेल्या छोल्यांचे, राजम्याचे डबे, आणि तेही रिंग ओढून उघडणारे, कारण सगळ्यांकडे ओपनर नसतो. घरी केलेले लाडू-चकल्या, दिवाळीचा फराळ कितीही प्रेमाने नेला तरी परत येतो. त्याने वाईट वाटून घेऊ नका, नियम खाणाऱ्याच्या जिवासाठी आहे. पास्ता आणि बेक्ड बीन्स बहुतेक ठिकाणी ढिगाने असतात. कमी पडतं ते लांब टिकणारं दूध, ज्यूस, फळांचे डबे, साखर, आणि खाण्यापलीकडचं: डिओडरंट, शाम्पू, मोठ्या मापाचे डायपर, सॅनिटरी पॅड. ‘बँक द फूड’ या अ‍ॅपवर नोंदलेल्या फूड बँकेला या घडीला काय हवं ते दिसतं. दुकानात शिरण्याआधी बघून घ्यावं.

कधी द्यावं हेही महत्त्वाचं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हार्वेस्टला (चर्चमधल्या सुगीच्या सणाला) आणि डिसेंबरात माल उतू जातो. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेतलं फुकट जेवण बंद, घरी मुलं, मागणी वर आणि फळ्या रिकाम्या. महाराष्ट्र मंडळांनी संकलन गणपतीऐवजी जूनच्या अखेरीस ठेवलं तर तोच माल दुप्पट उपयोगी पडेल.

आमच्या तक्रारी. कामावर जाणाऱ्याला आठवड्याच्या दिवशी दुपारचे दोन तास जमत नाहीत. संध्याकाळचं सत्र असलेली केंद्रं मोजकीच. ताजी भाजी, फळं, दही यांचा पुरवठा बेभरवशाचा. आणि चार जणांच्या कुटुंबाचा शिधा बसने नेणं म्हणजे दोन्ही हात भरून वीसेक किलो, कडेवर मूल असलं तर अशक्यच. घरपोच द्यायला गाडीवाला स्वयंसेवक जिथे आहे, ते केंद्र आम्ही एक पायरी वर ठेवू.

स्वयंसेवक येतात कशासाठी? निवृत्त माणसांना आठवड्यातला एक पक्का दिवस आणि चार ओळखीचे चेहरे मिळतात. काही जण पूर्वी स्वतः पिशवी घेऊन गेलेले असतात आणि येणाऱ्यांशी बोलायच्या टेबलाशी तेच सर्वांत चांगले बसतात, कारण अवघडलेल्या माणसाशी कधी बोलायचं नि कधी गप्प राहायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. नव्याने आलेल्यांचं इंग्रजी सुधारतं. आणि काम समोर दिसतं: सकाळी जमिनीवर पडलेला ढीग दुपारी फळ्यांवर लागलेला असतो. भाषेची भीती वाटत असेल तर गोदामापासून सुरुवात करा. टेबलाशी बसण्याआधी गोपनीयतेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. शेजारची ओळखीची बाई समोर आली तरी ती गोष्ट घरी जाऊन सांगायची नाही, इतका हा नियम कडक आहे. जमेल तेवढंच कबूल करा. दर आठवड्याला येणारा एक माणूस डिसेंबरात एकदाच येणाऱ्या दहांपेक्षा कामाचा.

विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तासांची मर्यादा असेल, तर धर्मादाय संस्थेतली खरी स्वयंसेवा त्यात धरली जात नाही. मात्र ठरलेली जबाबदारी आणि बांधलेले तास असलेलं बिनपगारी काम धरलं जातं, म्हणून आधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला विचारा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. दर मंगळवारी गोदामात तारखा लिहायला गेलं, तर सहा महिन्यांच्या मुक्कामातही ती मर्यादा ओलांडली जात नाही.