आलेख सरकताना पाहण्यासाठी: अकरावीच्या वर्गातले ‘जिओजेब्रा’

लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो. दहावीला दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेख हाताने नीट काढणारी मुले अकरावीत फलांच्या (फंक्शन्सच्या) आलेखांचे रूपांतर, म्हणजे आलेख सरकवणे, ताणणे, उलटवणे, सुरू झाले की दरवर्षी एकाच ठिकाणी अडतात. य = क्ष² हा अन्वस्त (वाटीसारखा वक्र, पॅराबोला) त्यांना ओळखीचा असतो; पण य = (क्ष − २)² लिहिले की वर्गातील निम्मी बोटे डावीकडे वळतात, कारण उणे म्हणजे मागे हे मनात पक्के बसलेले असते; प्रत्यक्षात आलेख उजवीकडे सरकतो. ही चूक मुळातून काढण्यासाठी मी ‘जिओजेब्रा’ हे आलेख काढणारे सॉफ्टवेअर वापरतो, आणि त्याबद्दल इतर शिक्षकांना व पालकांना सविस्तर सांगावेसे वाटते.

ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना हे सॉफ्टवेअर तयार करायला सुरुवात केली. वर्गातील वापरासाठी ते विनामूल्य आहे, मोबाइलवरही चालते आणि एकदा उतरवून घेतले की आलेख काढायला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे.

आधी फ(क्ष) = क्ष² भरावे आणि त्याखाली अ × फ(ब × (क्ष − ह)) + क असे दुसरे फल लिहावे; पडद्यावर ही अक्षरे अर्थातच इंग्रजी असतात, आणि गुणाकाराचे चिन्ह प्रत्येक ठिकाणी स्वतः टाकलेले बरे. या चार अक्षरांसाठी चार सरकपट्ट्या (स्लायडर) मिळतात; पट्टी सरकवली की त्या अक्षराची किंमत बदलते. सुरुवातीला ‘ह’ व ‘क’ शून्यावर आणि ‘ब’ १ वर ठेवावा. ‘अ’ची पट्टी १ पासून हळूहळू उणे १ पर्यंत नेली की अन्वस्त पसरट होत जातो, शून्यावर क्ष-अक्षाला चिकटून सरळ रेषा होतो आणि मग पालथा होऊन खाली उघडतो. फळ्यावर तीन वेगवेगळ्या आकृत्या काढून जे सांगावे लागते, ते इथे एकाच सलग हालचालीत दिसते. ‘ब’ची पट्टी उणे १ वर नेली तर मात्र काहीच बदलत नाही, कारण हा अन्वस्त य-अक्षाभोवती सममित आहे, म्हणून परावर्तन शिकवताना क्ष² ऐवजी क्ष चे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे आलेख उजवीकडून डावीकडे उलटलेला स्पष्ट दिसतो.

मात्र पट्टी सरकवल्याने आलेख उजवीकडे गेला हे दिसते, तो का गेला हे कळत नाही. ते शिक्षकानेच सांगावे लागते. मी गोदावरीचे उदाहरण घेतो. पैठणच्या जायकवाडी धरणातून सोडलेल्या पाण्याचा वेळेनुसार आलेख फ(क्ष) मानला, तर तेच पाणी खाली नांदेडला ‘ह’ तासांनी पोहोचते. म्हणजे नांदेडला आत्ता जे दिसते ते पैठणला ‘ह’ तासांपूर्वी घडलेले असते, म्हणून नांदेडचा आलेख फ(क्ष − ह) होतो. वजाबाकी मागच्या वेळेत डोकावण्यासाठी आहे, आणि आलेख मात्र पुढे सरकतो. प्रत्यक्षात वाटेत पुराची उंचीही कमी होते. तेव्हा ‘अ’ १ पेक्षा लहान घ्यावा, हे एखादी मुलगी आपणहून सांगते तेव्हा मला फार आनंद होतो.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. एखादा अक्ष धरून ओढला तर तेवढ्याच अक्षाचे प्रमाण बदलते आणि क्ष² व ४क्ष² यांच्या आकृत्या सारख्याच दिसू शकतात. अशा वेळी मुलांना अक्षांवरील आकडे वाचायला लावावेत. शिवाय ४क्ष² म्हणजेच (२क्ष)², म्हणून तोच आलेख उभा चौपट ताणून किंवा आडवा निम्म्यावर दाबून मिळतो. ही चर्चा करायला याहून चांगली संधी नाही.

माझ्या वर्गात एक नियम आहे: पट्टीला बोट लावण्यापूर्वी शिरोबिंदू (अन्वस्ताचे टोक) कुठे जाईल ते वहीत लिहायचे. हा नियम नसेल तर मुले पट्ट्या नुसत्या पळवत राहतात आणि तास संपतो. गेल्या आठवड्यात फ(२क्ष − ६) दिले होते. बहुतेकांनी आलेख आधी निम्म्यावर दाबला, मग ६ ने उजवीकडे सरकवला आणि शिरोबिंदू ६ वर लिहिला; पडद्यावर तो ३ वर आला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वहीत २ बाहेर काढून २(क्ष − ३) असे लिहिले, सहावर काट मारली आणि शेजाऱ्याला सांगितले की आधी ६ ने सरकवून नंतर दाबले असते तरीही ३ च आले असते.