मलाक्का की जॉर्जटाउन?

मलेशियातली ही दोन्ही बंदरं 2008 साली एकत्रच जागतिक वारसा यादीत आली. सवड एकाच शहरापुरती असेल तर?

क्वालालंपूरहून मलाक्का बसने दोन-अडीच तासांवर. 1511 मध्ये पोर्तुगीज, 1641 मध्ये डच, 1824 मध्ये इंग्रज, असा सगळा इतिहास नदीकाठच्या छोट्याशा भागात पायी पाहता येतो. टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चच्या भग्न भिंतींत मराठी आणि गोमंतकीय माणसाने थांबावंच. जुन्या गोव्यात असलेला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह तिथे नेण्याआधी काही महिने इथे पुरलेला होता. ती रिकामी जागा आजही दाखवतात. शनिवार-रविवारी मात्र जोंकर स्ट्रीट या बाजाराच्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

पेनांग बेटावरचं जॉर्जटाउन वयाने लहान, 1786 चं. पण ते अजून राहतं, राबतं शहर आहे. एकाच रस्त्यावर क्वान यिन या चिनी देवीचं मंदिर आणि कपितान केलिंग मशीद, जवळच मारियम्मनचं देऊळ, आणि तिन्हीकडे रोजची वर्दळ. समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी वस्त्यांत आजही कुटुंबं राहतात, म्हणून तिथे आवाज खाली ठेवावा. खाणं तर जॉर्जटाउनचंच: नासी कंदार (भात आणि वेगवेगळे रस्से), ‘चार क्वे तिआव’ (परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवया). शाकाहारींनी लिटल इंडिया गाठावं.

एकच दिवस हाताशी असेल तर मलाक्का. तीन दिवस काढता येत असतील तर मी बेधडक जॉर्जटाउन सुचवेन.