जुन्या खांबांची, जुन्या पत्र्यांची 40 बाय 60 ची शेड: 14 महिन्यांच्या वापरानंतर

शेड उभी राहून 14 महिने झाले. एक पावसाळा, एक उन्हाळा, एक हिवाळा आणि दोन मोठी वादळं तिने अंगावर घेतली. आत ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणी यंत्र असतं आणि एका टोकाला वाळलेल्या चाऱ्याच्या गाठी रचलेल्या असतात. लांबी 60 फूट, रुंदी 40 फूट, वळचणीला उंची 14 फूट. भिंतींचा पाया नाही. खांब थेट जमिनीत पुरले आणि त्यांच्या डोक्यावर कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) बसवल्या. बोल्ट, स्क्रू, सिमेंट आणि लाकडाला लावायचं औषध एवढंच नवं घेतलं. बाकी सगळं जुनं: विजेच्या लाइनवरून उतरवलेले लाकडी खांब, पाडलेल्या गोदामाच्या कैच्या आणि पन्हळी पत्रे, आणि मिळेल तिथून जमवलेलं लाकूड. असं काही बांधायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी वापरात काय टिकलं आणि काय बिघडलं ते आधी वाचावं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट मालाची. आम्ही आधी कागदावर 36 फूट रुंदीची शेड काढली होती. कैच्या मिळाल्या त्या 40 फुटांच्या. थोरला भाऊ म्हणाला, दोन-दोन फूट कापून टाकू. सुतारकाकांनी तिथेच अडवलं. कैचीतली प्रत्येक पट्टी दुसरीच्या भरवशावर ओझं पेलते. टोक कापलं की सगळा हिशेब बदलतो आणि ते वरून दिसतही नाही. मग कैचीला हात न लावता आराखडाच बदलला. तेव्हापासून कुणी विचारलं की सांगतो, कैच्या अंगणात येऊन पडेपर्यंत खड्ड्यांची आखणी करू नका. माल जमवायला आम्हाला 11 महिने लागले आणि बांधायला 5. जमवलेला माल जमिनीपासून वर, विटांवर ठेवा आणि प्रत्येक नगाच्या टोकावर त्याची लांबी रंगाने लिहून ठेवा. एवढ्या साध्या कामाने पुढे किती दिवस वाचले ते मोजता येणार नाही.

खांबांबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं. लाकडी खांब कुजतो तो जमिनीच्या रेषेला. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. वरचा भाग कोरडा राहतो, फार खोल मातीत हवा कमी पोचते. रेषेच्या वर-खाली वीतभर पट्ट्यात दोन्ही भरपूर मिळतात. जुना खांब उपटून आणला की हा पट्टा ओळखू येतो. तिथला रंग काळपट पडलेला असतो. आम्ही प्रत्येक खांब आडवा टाकून हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकला. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, आतून पोखरलेलं बद्द वाजतं. बद्द आवाज आला तिथे आरी (टोकदार टोच्या) खुपसून पाहिली. आरी बोटभर सहज शिरली की तो खांब पुरायच्या कामातून बाद. 23 खांबांतून 14 निघाले, बाकीच्यांचे वरचे चांगले तुकडे धिऱ्यांसाठी, म्हणजे तिरक्या आधारांसाठी, कामी आले.

मूळ खांब 30 फुटांचे. अशा खांबांसाठी जुना ठोकताळा आहे की लांबीचा दहावा हिस्सा अधिक 2 फूट इतका भाग जमिनीत हवा. म्हणजे ते पूर्वी 5 फूट पुरलेले होते. तो भाग आणि कुजका पट्टा कापून काढला तरी 19 फुटांचा निरोगी तुकडा मिळाला: 14 वर, 5 खाली. आता इथे एक मेख आहे आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. खांबाला मुरवलेलं औषध बाहेरच्या थरातच उतरलेलं असतं, गाभ्यापर्यंत ते पोचत नाही. कापलं की गाभा उघडा पडतो आणि जाड टोक खाली ठेवायचं असल्याने हे उघडं टोकच मातीत जातं. आम्ही कापलेल्या तोंडावर कॉपर नॅप्थेनेटचे (लाकूड कुजू न देणाऱ्या औषधाचे) हात मारले. लाकूड पिणं थांबेपर्यंत मारत राहिलो, त्यात दोन दिवस गेले. खांबाभोवती सिमेंट भरलं नाही. लाकूड वाळून आकसतं, सिमेंट आकसत नाही, मग मधल्या फटीत पाणी साचतं आणि खांब पेल्यात उभा राहिल्यासारखा भिजत राहतो. त्याऐवजी खडी आणि मुरूम थराथराने टाकून धुम्मसाने ठासलं आणि वर माती बाहेरच्या बाजूला उतार देऊन चढवली.

14 पैकी 13 खांब जागचे हलले नाहीत. उत्तरेकडचा तिसरा खांब पहिल्या मोठ्या पावसानंतर दीड इंच खचला. तिथे पूर्वी शेणखताचा खड्डा होता, तो बुजवून बरीच वर्षं झाली होती, आणि आम्ही ते लक्षात घेतलं नाही. एका खांबावर 10 बाय 20 फूट छपराचा भार येतो, आणि खाली टेकायला खांबाचं 12 इंची बूड. कैचीला खालून टेकू लावून, जॅकने उचलून, खांबाच्या बुडाशी खणून 18 इंच व्यासाचा काँक्रीटचा तळ ओतला. 12 च्या जागी 18 इंच म्हणजे टेकायचं क्षेत्रफळ सव्वादोन पट. हे काम उभारणीच्या वेळी एका खांबामागे अर्ध्या तासात झालं असतं. नंतर एकट्या खांबाला चार दिवस लागले. पुन्हा बांधायची वेळ आली तर सगळ्या 14 खड्ड्यांत आधी असा तळ ओतेन आणि मगच खांब उतरवेन.

आखणी आम्ही दोरी-खुंट्यांनी केली. कोपऱ्यात 6 आणि 8 फुटांवर खुणा, त्यांच्यातलं तिरकं अंतर 10 फूट आलं की काटकोन. शेवटी दोन्ही कर्ण मोजून पाहायचे. आमच्यात पाऊण इंचाचा फरक राहिला, तो पत्र्यात सहज जिरला. जुने खांब वर निमुळते असतात, म्हणून ओळंबा नेहमी बाहेरच्या अंगाला लावा, नाहीतर बाजूच्या फळ्या सरळ बसणार नाहीत.

कैच्या चढवल्या त्या दिवशी एक गोष्ट पाहिली ती विसरणार नाही. सात कैच्या वर, बोल्ट आवळलेले, आणि तरी खांबाला खांदा लावून ढकललं की अख्खा सांगाडा डुलायचा. त्या रात्री वारा आला असता तर काय झालं असतं हा विचार अजून येतो. दुसऱ्या दिवशी आधी तिरके धिरे मारले, खांब आणि कैचीच्या कोपऱ्यात प्रत्येकी 4 फुटांचे, आरपार बोल्टने. डुलणं तिथल्या तिथे थांबलं. धिरे बसेपर्यंत कैच्या दोरांनी चारही बाजूंना ताणून ठेवा. हा सल्ला मी हात जोडून देतोय.

आता छप्पर. सगळ्यात जास्त त्रास इथे झाला आणि समाधानही इथेच मिळालं. जुन्या पत्र्यांना जुनी भोकं असतात. पत्र्यावर टेप लावून पाहिला तर भोकांच्या ओळी सरसकट 4 फुटांवर होत्या, कारण गोदामाच्या छपराखालचे आडवे वासे तेवढ्या अंतरावर होते. आम्हीही आमचे आडवे वासे बरोबर 4 फुटांवर बसवले आणि त्याच भोकांतून थोडे जाड स्क्रू, नवे रबरी वायसर घालून मारले. त्यामुळे शेकडो भोकं बुजवायचं काम वाचलं. पण जी भोकं झिजून लांबट झाली होती तिथे वायसर पुरा बसला नाही, आणि पहिल्या पावसात 19 जागी गळलं.

गळती शोधायची युक्ती सांगतो. भर दुपारी शेडची दारं लावून आत दोन मिनिटं थांबा. डोळे अंधाराला सरावले की छपरातलं प्रत्येक भोक चांदणीसारखं चमकतं. लांब काठीच्या टोकाला बांधलेली तार त्या भोकातून वर सारायची. वर चढलेल्या माणसाला तारेचं टोक दिसतं, तिथे खूण करून तो बुजवतो. आम्ही मोठ्या वायसरखाली ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी घालून रिव्हेट मारले. 19 पैकी 17 जागा पुन्हा गळल्या नाहीत. आधी काही ठिकाणी नुसतं सिलिकॉन भरलं होतं. दिवसभर तापून रात्री गार होणाऱ्या पत्र्याच्या हालचालीने ते सुटलं. त्यावर वेळ घालवू नका.

पत्रे टाकताना सुरुवात वारा ज्या बाजूला जातो त्या टोकापासून करा, म्हणजे पत्र्यांचे जोड वाऱ्याला पाठ करतात. बाजूचा जोड दीड पन्हळीचा ठेवला, खाली-वरचा 9 इंचांचा. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नको. पाणी तिथूनच वाहतं.

इतकं करूनही पहिल्या वादळात पश्चिमेच्या कोपऱ्यातला शेवटचा पत्रा हातभर उचलला गेला. पत्रा फाटला नव्हता आणि स्क्रूही लाकडातच होते. आडवा वासाच कैचीवरून उपसून आला होता, कारण तो नुसत्या खिळ्यांवर होता. एका बाजूची दारं उघडी असलेल्या शेडमध्ये वारा आत कोंडतो आणि छपराला खालून वर ढकलतो, त्याच वेळी वरून जाणारा वारा त्याला ओढतो. कडांवर आणि कोपऱ्यांवर ही ओढ सगळ्यात जास्त असते. खिळा ओढीपुढे टिकत नाही. आता प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने आणि बोल्टने कैचीला बांधला आहे, कडेच्या ओळीत स्क्रू दुप्पट केले आहेत, आणि कोपऱ्यातल्या चार खांबांना जमिनीखाली आडवे ठोकळे बोल्टने जोडले आहेत, म्हणजे उचल आली तर वरची माती त्यांना दाबून धरेल. दुसरं वादळ पहिल्यापेक्षा जोराचं होतं. काहीही हललं नाही.

हिवाळ्यात वेगळाच प्रश्न आला. पाऊस नाही, आणि पहाटे चाऱ्याच्या गाठी वरून ओल्या. पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, आतली दमट हवा त्याला लागली की घाम धरतो आणि थेंब खाली पडतात. चारा ओला राहणं म्हणजे नुसती बुरशी नाही. 20 टक्क्यांहून जास्त ओल असलेली गंजी आतून तापते आणि फार तापली तर आपोआप पेटू शकते. आम्ही आढ्यावरची टोपी उचलून सलग फट ठेवली. जनावरांच्या शेडसाठी दर 10 फूट रुंदीला 2 इंच फट असा ठोकताळा आहे, त्याप्रमाणे 8 इंच ठेवली. ठिबकणं जवळपास थांबलं. गाठी आता लाकडी पॅलेटवर असतात. जुने पॅलेट घेताना शिक्का वाचा: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेला, तो चालतो, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेला, तो चाऱ्याजवळ नको.

जुन्या मालातल्या धोक्यांबद्दल आडपडदा न ठेवता लिहितो. आम्हाला सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचा मोठा ढीग फुकट मिळत होता. जुन्या अशा पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसाला घातक तंतुमय खनिज) असतो. भोक पाडलं, कापलं, फोडलं की तंतू हवेत उडतात. आम्ही तो ढीग घेतला नाही. रेल्वेचे लाकडी स्लीपर आणि जुने काळे खांब यांत क्रिओसोट (कोळशाच्या डांबरापासून काढलेलं, लाकूड कुजू न देणारं तेल) असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला माणसात बहुधा कर्करोगकारक मानते. उन्हात ते कातडीला जास्त भाजतं. भावाच्या हाताला दोन दिवस आग होत होती. हातमोजे, पूर्ण बाह्या, कापताना मास्क. हिरवट छटेच्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं, त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही घालू नका. वेल्डिंगच्या आधी जस्ताचा थर घासून काढा. जस्ताच्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो.

14 महिन्यांत माझं एक मत पक्कं झालंय. जे शिडी लावून उतरवता, बदलता येतं ते खुशाल जुनं वापरा: बाजूच्या फळ्या, दारं, भिंतींचे पत्रे. जे मातीत गाडलं जातं किंवा ज्यावर सगळं लटकतं, ते जुनं असेल तर दोनदा पारखून घ्या आणि त्याचे बोल्ट नवेच घ्या. जुने बोल्ट आम्ही तेलात भिजवून, घासून चकचकीत केले होते. आवळताना तिघांचे आटे गेले आणि सगळे बाजूला ठेवले. छपराच्या पत्र्याबाबत मात्र माझं मन अजून ठरत नाही. मेहनतीचा हिशेब धरला तर नवा पत्रा बरा, आणि तरी जुना जाड पत्रा गारांच्या माऱ्यात ज्या निबरपणे टिकला तो पाहिला की तो टाकून द्यायला हात उचलत नाही.

सध्या काम चालू आहे ते पाण्याचं. या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की साडेपाच हजार लिटर पाणी वळचणीतून खाली येतं. एका पावसाळ्यात पागोळ्यांनी खांबांलगत चर पाडले आणि उडालेला चिखल नेमका जमिनीच्या रेषेवर, जिथे खांब कुजतात तिथेच बसला. उत्तरेला 8 इंची जुना पाइप उभा चिरून पन्हळ केली, मध्यापासून दोन्हीकडे दर 10 फुटांना अर्धा इंच उतार दिला, आणि पाणी टाकीत वळवलं. त्या बाजूच्या खांबांची बुडं आता कोरडी आहेत. दक्षिणेचा पाइप आणून ठेवलाय, चिरायचा बाकी आहे. तो बसला की सगळ्या 14 खांबांची माती वीतभर उकरून पुन्हा आरी लावून बघणार आहे.