होल्डरमधला एलईडी बल्ब की छतातलं पॅनल?

सीएफएलचा प्रश्न आता जवळपास निकालात निघाला आहे. त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो, नळी फुटली की खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबावं लागतं, आणि पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी २०२२ मध्येच घरगुती सीएफएलचं उत्पादन २०२५ पर्यंत थांबवायचं ठरवलं. त्यामुळे घराचं वायरिंग नव्याने करताना खरी निवड उरते ती एलईडीच्याच दोन रूपांत : होल्डरमध्ये बसणारा सुटा बल्ब, की फॉल्स सीलिंगला भोक पाडून बसवायचं पॅनल. मी दोन्ही बरीच वर्षं वापरतो आहे. माझा कल एका बाजूला आहे, पण दुसऱ्या बाजूचं जे चांगलं आहे तेही नीट सांगतो.

विजेच्या बिलावरून निर्णय होणार नाही. जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका, म्हणजे साधारण ८०० ल्युमेन उजेड दोन्हीकडे ९-१० वॉटमध्ये मिळतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१२ मध्ये दिव्यांच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला होता. त्यात बहुतेक सगळी ऊर्जा दिवा वापरतानाच खर्च होते, बनवताना आणि वाहून नेताना त्यामानाने फार थोडी, असं दिसलं. वापराची वीज सारखीच असेल, तर पर्यावरणाच्या बाजूने दोनच प्रश्न उरतात : दिवा किती टिकतो, आणि गेल्यावर त्याच्याबरोबर काय काय फेकावं लागतं.

टिकण्यात पॅनलची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायलाच हवं. खोक्यावरचे २५,००० तास हे बहुधा चिपचा, म्हणजे प्रत्यक्ष उजेड देणाऱ्या बारीक तुकड्यांचा, उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. प्रत्यक्षात दिवा त्याआधी जातो तो अनेकदा ड्रायव्हरमुळे, म्हणजे घरातली वीज चिपला चालेल अशी करून देणाऱ्या सर्किटमुळे. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा, आत द्रव असलेला भाग) उष्णतेने वाळत जातो; तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. बल्बमध्ये हा ड्रायव्हर चिपच्या खाली, चिंचोळ्या बुडात कोंडलेला असतो. त्यातून बल्ब बंद काचेच्या गोळ्यात लावला तर त्याची अवस्था आणखी वाईट. पॅनलमध्ये चिप पसरलेल्या असतात, मागे ॲल्युमिनियमचा पत्रा असतो आणि ड्रायव्हर बहुतेक वेळा वेगळ्या डबीत, वायरच्या टोकाला. माझ्याकडची पॅनल्स बल्बपेक्षा जास्त टिकली, निदान मला तरी तसं जाणवलं.

पण ती गेल्यावर काय झालं, तिथे माझं मत बदललं.

पॅसेजमध्ये एका ओळीत पॅनल्स होती. त्यातलं मधलं गेलं. ड्रायव्हर बदलू म्हटलं, तर वायरमनने डबीवरचा मिलिॲम्पिअरचा आकडा वाचून सांगितलं की नेमका या करंटचा मिळणं कठीण आहे. जास्त करंटचा लावला तर चिप लवकर जळतील. नवं पॅनल आणलं, तर त्या मॉडेलचं उत्पादन बंद झालेलं. जवळच्या मापाचं आणलं, तर जुनं भोक काही मिलिमीटरने मोठं, त्यामुळे कडेला फट दिसायला लागली. शिवाय दोन्हींवर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असूनही नव्याचा उजेड पिवळट आणि शेजारच्यांचा किंचित गुलाबी. ओळीत असल्यामुळे येता-जाता नजर तिथेच जायची. शेवटी सगळी ओळ बदलली आणि चालू असलेली, धडधाकट पॅनल्स उतरवली गेली. एका बंद पडलेल्या दिव्यामागे इतके चांगले दिवे, त्यांचं ॲल्युमिनियम आणि ड्रायव्हर ई-कचऱ्यात जाणं मला आजही खटकतं. तासांच्या कुठल्याही आकड्यात हा कचरा मोजला जात नाही.

बल्ब निर्दोष आहे असं नाही. तो उघडून दुरुस्त करता येत नाही. चिप एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक काळी पडली तरी अख्खा बल्ब बंद होतो, आणि उरलेल्या चांगल्या चिपसकट तो टाकावा लागतो. मात्र टाकावा लागतो तो तेवढाच. होल्डर भिंतीवर राहतो, झुंबर राहतं, सीलिंगला हात लागत नाही. आट्यांचा ई-२७ असो वा पिनांचा बी-२२, होल्डरची ही मापं एलईडीच्या कितीतरी आधीपासूनची आहेत; पुढे याहून चांगला बल्ब आला तरी त्याच जागी बसेल. युरोपीय संघाने २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत दिव्याच्या फिटिंगमधला प्रकाशस्रोत साध्या हत्यारांनी, फिटिंग न मोडता बदलता आला पाहिजे अशी अट घातली, तीही याच अडचणीपोटी. अर्थात तांत्रिक कारण दाखवलं तर तिथेही सूट आहे.

छत फारच खाली असेल किंवा ओट्यावर सावली न पडणारा पसरट उजेड हवा असेल, तर पॅनलला तोड नाही. तिथे मीही तेच ठेवलं आहे. बाकी खोल्यांत मी सुटे बल्बच लावतो, तोंड उघड्या शेडमध्ये, हवा खेळेल असे.

पॅनलच घ्यायचं ठरलं असेल, तर ड्रायव्हर वेगळा आहे ना ते पाहा. चिपच्याच पट्टीवर ड्रायव्हर असलेली पॅनल्स गेली की पूर्णच गेली. त्याच लॉटमधली एक-दोन जास्तीची घेऊन ठेवा, आणि ड्रायव्हरवरचा करंट व भोकाचं माप सीलिंग बंद होण्याआधी लिहून ठेवा.