स्विमिंग पूलभोवती चिरा की कोटा?

म्हापशाच्या वहिनी अडल्यात: बजेट बेताचं, स्विमिंग पूलभोवती कोणता दगड घालावा?

खर्चात चिरा, म्हणजे तांबडा जांभा दगड, सरस. तो गोव्यातच निघतो. कोटा, म्हणजे चुनखडीची फरशी, राजस्थानातून येतो, वाहतूक अंगावर पडते.

खरा प्रश्न पावसाचा. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. जून ते सप्टेंबर त्यावर हिरवं शेवाळ धरतं, कडा झिजून तांबडी भुकटी पूलच्या पाण्यात उतरते आणि फिल्टर तुंबतो. सीलरही (पाणी रोखणारा लेप) पुन्हा पुन्हा मारावा लागतो. कोटा घट्ट, धुवायला सोपा. पण पॉलिश केलेला अजिबात नको, ओल्या पायाने माणूस सटकतोच. खरबरीत फिनिशच मागा.

घरात मुलं, म्हातारी माणसं असतील तर काठाला खरबरीत कोटाच. पैसे वाचवायचे तर चिरा पलीकडच्या पायवाटेला आणि वाफ्यांना वापरा.