हॅलिबटच्या देशवार तुलनेसाठी ‘फिशस्टॅटजे’ कितपत उपयोगी?

उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय असले तरी मराठवाड्याला समुद्र नाही. इकडच्या विद्यार्थ्याच्या ओळखीची मासळी म्हणजे जायकवाडीची रोहू-कटला. सागरी मासेमारीवर प्रकल्प करायचा झाल्यास त्याला आकडेवारीवाचून गत्यंतर नसते, आणि त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ‘फिशस्टॅटजे’ ही मोफत संगणक प्रणाली हाताशी आहे. एकदा आकडेवारी उतरवून घेतली, की नेट गेले तरी काम अडत नाही, ही सोय तालुक्याच्या गावी फार मोलाची ठरते. १९५० पासूनची वार्षिक पकड देश, जात आणि सागरी क्षेत्र यांनुसार तीत पाहता येते.

हॅलिबट या थंड समुद्रातील चपट्या माशाच्या बाबतीत मात्र केवळ नावावरून शोध घेऊन आलेल्या ओळींची बेरीज करू नये. पॅसिफिक, अटलांटिक आणि ग्रीनलँड हॅलिबट या तीन स्वतंत्र जाती आहेत, आणि त्याच नावाखाली ‘इंडियन हॅलिबट’, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचा भाकसही येऊन बसतो. कॅनडा पहिल्या तिन्ही जाती पकडतो. अमेरिकेची पकड प्रामुख्याने पॅसिफिक हॅलिबटची आहे. शास्त्रीय नावाने गाळणी लावल्याखेरीज या देशांची क्रमवारी निरर्थक होय.

दुसरी अडचण वजनाची. या प्रणालीतील पकड जिवंत माशाच्या वजनात, टनांत दिलेली असते. उलट अमेरिका आणि कॅनडा यांनी १९२३ च्या करारान्वये स्थापलेला आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोग आपले आकडे डोके व आतडी काढलेल्या माशाच्या वजनात, पौंडांत देतो, आणि हे वजन जिवंत वजनाच्या ७५ टक्के धरले जाते. म्हणजे आयोगाचे १,००० पौंड हे ४५४ नव्हे, तर सुमारे ६०५ किलो जिवंत मासा होतात. प्रकल्पवहीत नेमका हा पाव हिस्सा गळालेला दिसतो.

पकड मोजली जाते ती जहाजाच्या ध्वजावरून, किनाऱ्यावरून नव्हे. त्यामुळेच वायव्य अटलांटिकमधील ग्रीनलँड हॅलिबट स्पेनच्या खात्यावरही दिसतो. याच माशावरून मार्च १९९५ मध्ये कॅनडाने ‘एस्ताई’ हे स्पॅनिश जहाज ताब्यात घेतले होते. अशी पार्श्वभूमी या तक्त्यांत अर्थातच सापडत नाही. अलास्कात १९९५ पासून प्रत्येक मच्छीमाराचा वाटा ठरवून दिला गेला आणि जेमतेम २४ तासांत उरकणारे हंगाम कित्येक महिन्यांवर पसरले, एवढा मोठा बदलही वार्षिक बेरजेत उमटत नाही.

नॉर्वेतील मत्स्यशेतीचा अटलांटिक हॅलिबट याच प्रणालीतील वेगळ्या आकडेवारी-संचात आहे; तेथे किंमतही दिलेली आहे, जी पकडीच्या संचात नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही प्रणाली अवश्य वापरावी. पॅसिफिक हॅलिबटपुरते आयोगाचे वार्षिक अहवाल मात्र शेजारी उघडे ठेवावेत.