बावीस फुटी होडीतला वीकेंड: पळण्याचा नव्हे, थांबण्याचा रिव्ह्यू

जाहिरातीतली शिडाची होडी कायम कललेली असते. शिडं टम्म फुगलेली, पाणी कापत निघालेली, सुकाणूवरच्या माणसाचे केस उडताहेत. आमची होडी वीकेंडला बहुतेक वेळ सरळ आणि गप्प उभी असते, कारण ती नांगरावर असते. शुक्रवारी संध्याकाळी चढायचं, रविवारी दुपारी उतरायचं. एवढ्या वेळात शिडं वर असतात ती फार तर आठ-नऊ तास. उरलेल्या तासांत माणसं झोपतात, जेवतात, पोहतात, किरकोळ भांडतात आणि ओले टॉवेल कुठे वाळत घालायचे यावर चर्चा करतात. म्हणून होडी किती पळते हे मी फारसं लिहिणार नाही. ती राहायला कशी आहे ते लिहिते, तेही उन्हाळा उताराला लागल्यावर, तळ्यावर, आम्हा तिघांना.

होडी २२ फुटी, फायबरची, ट्रेलरवर चढणारी, उचलता येणाऱ्या कीलची, म्हणजे पोटाखाली उतरणाऱ्या जड पात्याची. या वर्गातली सगळ्यांत माहितीची होडी म्हणजे फ्रँक बटलर यांनी आखलेली कॅटालिना २२. १९६९ पासून तशा पंधरा हजारांवर होड्या पाण्यात उतरल्या आहेत. आमची दुसऱ्या बांधणीची आहे, पण मापं साधारण तीच. पाण्याला टेकणारी लांबी वीस फुटांच्या आत-बाहेर, त्यामुळे कितीही शिड लावा, वेग सहा नॉटच्या, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास अडतो. होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते आणि तिथून वर निघत नाही. वेगाबद्दल एवढं पुरे.

या होडीचा खरा गुण म्हणजे तिची कील. खाली सोडली की पाच फूट पाणी लागतं, वर ओढून घेतली की दोन फुटांवर भागतं. त्यामुळे तळ्याच्या ज्या कोपऱ्यात मोठ्या होड्या नुसत्या लांबून बघतात, तिथे आपण आत शिरून झाडांच्या आडोशाला उभे राहतो. मागे पायऱ्यांची शिडी सोडली की मुलगी कमरेएवढ्या पाण्यात उतरून काठावर चालत जाते. हा गुण इतका मोठा आहे की बाकीच्या पुष्कळ गोष्टी मी त्यावर माफ केल्या आहेत.

सगळ्या मात्र नाही. हीच कील रात्री आवाज करते. लटकती कील आपल्या खाचेत थोडी सैल असते. दुसऱ्या कुणाच्या मोटरबोटीची लाट आली की होडी डोलते आणि पोटाखालून ‘धड्’ असा आवाज येतो, पाठोपाठ त्याहून लहान ‘धड्’. झोपलेल्या माणसाला दर वेळी वाटतं, आपटलो कशावर तरी. कील अडकवून ठेवायचा बोल्ट आहे, तो घट्ट पिळला की आवाज बराच कमी होतो. पण तो निघताना सैल करावा लागतो, नाहीतर वाटेत उथळ जागा आली तर कील वर सरकत नाही, सगळा धक्का होडीच्या पोटाला बसतो. आमच्याकडे त्यासाठी सुकाणूच्या दांड्याला लाल फीत बांधलेली असते. फीत दिसली म्हणजे बोल्ट पिळलेला आहे.

दुसरा आवाज सोपा आहे. हॅलियार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, पोकळ ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर रात्रभर टकटक करतो, आणि केबिनमध्ये ती टकटक डोक्यात खिळा ठोकल्यासारखी ऐकू येते. दोर डोलकाठीपासून लांब ओढून बाजूच्या तारेला रबरी आकड्याने अडकवा, संपलं. शेजारच्या होडीवाल्याने हे केलं नसेल तर काय करायचं, याला उत्तर नाही.

झोपायची सोय कागदावर चौघांची आहे. नवरा सहा फुटी असल्यामुळे कॉकपिटखाली, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीखाली, सरकणाऱ्या लांब बंकवर, झोपायच्या फळीवर, त्याचा हक्क. तिथे तो ड्रॉवरमध्ये शिरल्यासारखा पाय पुढे करून शिरतो आणि सकाळी उलटा बाहेर येतो. मी आणि मुलगी नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडच्या, त्रिकोणी बंकवर. डोक्याकडे भरपूर जागा, पायांकडे दोघींचे चारही पाय एकमेकांवर. गादी जेमतेम साडेसात सेंटीमीटरची आणि तिचे दोन तुकडे, त्यामुळे मधली फट बरोबर पाठीखाली. छप्पर पुढे वर उचलता येतं, म्हणून चहा करताना मला सरळ उभं राहता येतं. नवऱ्याला तेही नाही. त्याच्या कपाळावरच्या खुणांवरून मोसमाचा कितवा महिना चाललाय ते सांगता येतं.

उन्हाळ्याच्या अखेरीस एक गोष्ट वाढते, ती म्हणजे ओल. रात्र लांबते, हवा लवकर थंड होते, पाणी मात्र उबदारच राहतं. पहाटे पाण्यावर वाफेसारखं धुकं धरतं, डेकवर दव असं पडतं की अनवाणी पाऊल घसरतं. आत तिघांचा श्वास फायबरच्या थंड छताला लागून पाणी होतो आणि थेंब थेट कपाळावर. थंडी वाजते म्हणून हॅच, म्हणजे केबिनचं झाकण, गच्च लावलं की हमखास हे होतं. बोटभर फट पुढे आणि बोटभर मागे ठेवली तर हवा फिरते. गादीखाली लाकडी पट्ट्या घातल्यावर खालची ओलही गेली. पट्ट्या होडीबरोबर यायला हव्या होत्या, असं माझं मत आहे.

आता नांगर. कारण झोप गादीवर कमी आणि नांगरावर जास्त अवलंबून असते. नुसत्या दोरावर उभं राहायचं तर खोलीच्या सातपट दोर सोडायचा, आणि खोली मोजताना नाळेची पाण्यापासूनची उंचीही धरायची. पाणी तीन मीटर, नाळ एक मीटर वर, म्हणजे चार. चार साते अठ्ठावीस मीटर. नांगराजवळ चार-पाच मीटर साखळी असली तर ओढ आडवी राहते आणि नांगर रुततो. होडीबरोबर आलेला नांगर हलका, दोन चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ होता. तो वाळूत, चिखलात झकास धरतो. पण उन्हाळ्याच्या शेवटी उथळ भागात पाणगवत माजलेलं असतं, आणि गवतावर तो नुसता घसरत येतो. आम्ही आता जड, फाळाच्या आकाराचा सीक्यूआर वापरतो. ही रचना १९३३ मधली, द्रवांच्या गतीवर मोठं काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांची. त्यांना स्वतःला नौकानयनाचा नाद होता, हे नांगर बघूनच कळतं: ज्याला रात्री उठून दोर तपासावा लागतो त्याचं हे डोकं आहे.

सकाळी नांगर वर घेणं हा वेगळाच कार्यक्रम. आधी दोर स्वच्छ येतो, मग साखळीच्या कड्यांत अडकलेलं हिरवं गवत, मग त्यावर बसलेला काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा गाळ. नाळेवर बादली आणि लांब दांड्याचा ब्रश लागतोच. नांगर पाण्यात वर-खाली बुचकळून पात्यावरचा गाळ सुटेपर्यंत डेकवर आणू नका. नाहीतर तो वास हॅचमधून गादीपर्यंत पोचतो आणि पुढच्या वीकेंडपर्यंत मुक्काम करतो.

फ्रीज आमच्याकडे नाही. बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची, लेड-ॲसिडची. तिचं आयुष्य राखायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० वॅट-तास. दोन वॅटचा नांगरावरचा दिवा दहा तासांत वीस वॅट-तास घेतो, आतले एलईडी जवळपास फुकटच. खरा खर्च मुलीच्या फोनचा. फ्रीज आला की हे गणितच मोडतं. पण ज्या तळ्याला खोली आहे तिथे उन्हाळ्याच्या शेवटी फ्रीज आयता मिळतो. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही थर मिसळत नाहीत, आणि मधला पट्टा इतका अरुंद असतो की पोहताना खांदे कोमट पाण्यात आणि खाली सूर मारला की एकदम गारठा. आम्ही बाटल्या जाळीच्या पिशवीत घालून, दगड टाकून, दर मीटरला गाठ मारलेल्या दोराने दहा मीटर खाली सोडतो. अर्ध्या तासात बाटली हाताला झिणझिण्या आणेल इतकी गार. अडचण एकच: जिथे नांगर टाकतो तिथे तीन मीटरच पाणी. म्हणून हे काम दुपारच्या आधी, तळ्याच्या मधोमध वारा पडलेला असताना उरकायचं. वारा नसल्याबद्दल कुरकुरणाऱ्या नवऱ्याला दोर धरायला द्यावा.

वाऱ्याचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तळ्यावरून काठाकडे वारा सुटतो. दुपारी तो रंगात येतो, संध्याकाळी पडतो. तेव्हा शनिवारची दुपार शिडांची. रविवारी संध्याकाळी वाऱ्याच्या भरवशावर परतायचं ठरवलंत तर आउटबोर्डची, म्हणजे मागे लावलेल्या इंजिनाची, फटफट ऐकत यावं लागेल, आणि काही तळ्यांवर पेट्रोल इंजिनाला परवानगीच नसते, तिथे वल्हं. दुपारी ढग काळे चढायला लागले तर मात्र शिडांचा मोह सोडा. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज पोचेल एवढ्या अंतरावर तुम्ही आहात, आणि सपाट पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुमची डोलकाठी आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी काठावर थांबावं.

स्वयंपाकाला स्पिरिटची शेगडी आहे, एका बर्नरची. तिच्यावर एक लिटर पाणी उकळेपर्यंत माणूस दोन विषयांवर बोलून मोकळा होतो. तरी मी गॅसच्या बाजूने नाही. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर होडीच्या तळात साचतो आणि बाहेर जायला त्याला वाट नसते. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे त्याची आग पाण्याने विझवता येते. पण उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून शेगडी विझली असं डोळ्यांनी ठरवू नका, हात वरून लांब धरून बघा. कुठलीही शेगडी असो, हॅच उघडं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवाच. त्या वायूला ना रंग ना वास.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी घरून न्यायचं. आजूबाजूला एवढं गोडं पाणी असताना कॅन कशाला वाहायचे, असं पाहुणे विचारतात. उन्हाळ्याच्या शेवटी कोमट, निवांत पाण्यात निळं-हिरवं शैवाल फुलतं. हिरवा रंग सांडल्यासारखी साय पाण्यावर येते आणि वाऱ्याबरोबर वाहत जाऊन समोरच्या काठाला साचते. त्यातल्या काही जातींचं विष उकळूनही जात नाही. ज्या काठावर वारा येऊन आदळतो तिथे नांगर टाकायचा नाही हा नियम तसाही सुरक्षिततेचा आहे. सायीमुळे तो पाळायला आणखी एक कारण मिळालं.

शौचालय म्हणजे दोन भागांचा, वीस लिटरचा, रसायन घालायचा डबा. त्रिकोणी बंकच्या खाली, पडद्याआड. पडदा हा शब्द उदार आहे. कुणी आत गेलं की बाकीचे दोघं कॉकपिटमध्ये येऊन तारे बघतात. दिवसासुद्धा.

दिव्याचं एक सांगायचं राहिलं. समुद्रावरच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सात मीटरपेक्षा लहान होडीला, ती अरुंद वाटेत, रहदारीत किंवा नांगर टाकायच्या नेहमीच्या जागेत नसेल तर, नांगरावरच्या दिव्याची सक्ती नाही. आमची ६.७ मीटर आहे. तळ्याचे आपापले नियम असतात ते बघावेच, पण नियम काहीही म्हणो, रात्री वेगात येणाऱ्या मोटरबोटीला आपली लांबी माहीत नसते. दिवा लावा. त्याच्याभोवती चिलटं जमतात, चिलटांसाठी कोळी येतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत बूमपासून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीपासून, तारेपर्यंत जाळी विणलेली असतात. आधी मी रोज झाडायचे. आता फक्त चेहऱ्याच्या उंचीवरची काढते.

बूमवर टाकायचं ताडपत्रीचं छत होडीबरोबर मिळत नाही आणि घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याच्याखाली कॉकपिट ही होडीतली सगळ्यांत मोठी खोली होते. दुपारचं ऊन, रात्रीचं दव, दोन्हीतून सुटका. ओल्या टॉवेलांचा प्रश्नही त्याच्याच दोरीवर मिटला.

कुणी घ्यावी? दोघांनी बिनधास्त. तिघांनी, तिसरं माणूस लवचिक असेल तर. चौघांनी फक्त दिवसा. जुनी बघायला गेलात तर शिडं उघडायच्या आधी त्रिकोणी बंकवर पाऊण तास आडवं पडा, आणि कुणाला तरी कॉकपिटमध्ये येरझाऱ्या घालायला सांगा.

मोठी घ्यावी का, हा विषय आमच्याकडे मोसम संपताना निघतो. सव्वीस फुटांत नवरा उभा राहील, शौचालयाला दार येईल. पण त्या मापाच्या, पक्क्या कीलच्या होड्या त्या झाडांखालच्या कोपऱ्यात शिरत नाहीत. तेव्हा होडी तीच राहील, गादी बदलेल. त्रिकोणाचा कागदी साचा कापून ठेवलाय, जाडी दहा सेंटीमीटर. तुकडे दोनच करावे लागतील, नाहीतर हॅचमधून आत जाणार नाही. फट आईच्या बाजूला हवी, अशी मुलीची लेखी अट साच्यावर पेन्सिलीने नोंदवलेली आहे.